आधी सोय, मग सजावट: भाद्रपद-आश्विनातले सण आणि जागृतीचे दिवस ऑफिसात कसे पाळावेत

गणपती ते दसरा या सव्वा महिन्यात महाराष्ट्रातल्या कुठल्याही ऑफिसात जितके दिवस एकावर एक येतात, तितके उरलेल्या वर्षात क्वचितच येतात. चतुर्थी, गौरी, पर्युषण, ईद-ए-मिलाद, वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा, पितृपक्ष, घटस्थापना, दुर्गापूजा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्यातच १० सप्टेंबरचा आत्महत्या प्रतिबंध दिन, १५ चा अभियंता दिन, २३ चा सांकेतिक भाषा दिन, १ ऑक्टोबरचा स्वेच्छा रक्तदान दिन आणि ऑक्टोबरभर स्तनकर्करोगाची गुलाबी फीत. हे सगळं एचआरच्या एका माणसावर आणि हौसेने पुढे आलेल्या दोघातिघांवर येऊन पडतं. मग फुगे लागतात, फोटो निघतात, सगळ्यांना मेल जातो, आणि ज्याचा तो दिवस होता त्याची रजा मात्र नामंजूर झालेली असते.

हे मार्गदर्शन त्या दोघातिघांसाठी आहे. एखादा दिवस आपण पाळला की नाही, हे त्या दिवशी त्या माणसाच्या कामात काय बदललं यावरून ठरतं, असं माझं ठाम मत आहे. रजा, शिफ्ट, कँटीन, बैठकीची वेळ हे आधी. तोरण आणि बॅनर नंतर. वेळ किंवा पैसा कमी पडला तर तोरण गाळा, रजा गाळू नका. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

तारखांचा तक्ता: तीन वेगळ्या रकान्यांत

भिंतीवरच्या कॅलेंडरमधून तारखा उतरवून काढणं पुरत नाही. तक्त्यात तीन रकाने करा.

पहिल्या रकान्यात पक्क्या तारखा. ८ सप्टेंबरचा मारियामातेचा जन्मोत्सव, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, २ ऑक्टोबर, १० ऑक्टोबरचा मानसिक आरोग्य दिन. या दरवर्षी तिथेच असतात, त्यांची तयारी जूनमध्येही करता येते.

दुसऱ्या रकान्यात तिथीचे सण. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात आणि अधिक मास आला की एकदम पुढे जातात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आणि दसरा २० ऑक्टोबरला. गेल्या वर्षीचा तक्ता तसाच पुढे ढकलणाऱ्यांचा घोटाळा इथेच होतो.

तिसऱ्या रकान्यात हिजरी तारखा. तिथे अधिक मास नाही, त्यामुळे ईद-ए-मिलाद दरवर्षी सरकतच राहते, आणि नेमका दिवस चंद्रदर्शनावर ठरतो. या तारखेपुढे कायम 'एक दिवस मागेपुढे' असं लिहून ठेवा. मुंबईत तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या. मुस्लिम संघटनांनी विसर्जनासाठी आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि सरकारने २९ ची सुट्टी जाहीर केली. २०२४ मध्ये मुंबईतली सुट्टी १६ वरून १८ सप्टेंबरला गेली, २०२५ मध्ये ५ वरून ८ सप्टेंबरला. तीन वर्षं लागोपाठ ही अदलाबदल आयत्या वेळी कळली. म्हणजे पगाराची यादी करणाऱ्याला, शिफ्ट लावणाऱ्याला आणि बाहेरगावच्या ग्राहकाला कळवणाऱ्याला त्या आठवड्यात मोकळीक ठेवावी लागते. आणि ज्या समाजाने शहरासाठी आपला जुलूस पुढे ढकलला, त्याच समाजातल्या सहकाऱ्याला बदललेल्या दिवशी 'सुट्टी तर झाली ना कालच' असं ऐकावं लागू नये, एवढी काळजी ऑफिसने घ्यायलाच हवी.

तक्ता करताना कोणते दिवस एकाच तारखेला येतात तेही पाहा. २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला गांधी जयंती, दसरा आणि विजयादशमीचा धम्मचक्र प्रवर्तन दिन एकत्र आले होते. अशा वर्षी लोकांची एक सुट्टी गिळली जाते. ते डिसेंबरातच दिसलं तर त्यावर काही करता येतं.

रजा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ खाली येणाऱ्या आस्थापनांत कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात. त्यातल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या आहेत. बहुतेक ठिकाणी ही यादी मुख्य कार्यालयातून तयार होऊन येते आणि नोटीस बोर्डावर लागते. ती खरोखर विचारून ठरवली तर निम्मे वाद मिटतात. चार सुट्ट्यांपैकी दोन सगळ्यांना सारख्या आणि दोन ज्याने त्याने आपल्या सणाच्या निवडाव्यात, अशी व्यवस्था बऱ्याच कंपन्यांत चालते आणि मला ती सगळ्यात न्याय्य वाटते. मग मलयाळी सहकारी ओणमला घरी राहतो, बंगाली सहकारी अष्टमीला, वसईची सहकारी माउंट मेरीला जाते आणि रायगडकडचं बेने इस्राएली (मराठी ज्यू) कुटुंब आपल्या नव्या वर्षाला एकत्र जेवतं. कुणाला कारण सांगत बसावं लागत नाही.

आता कोकण. ज्या ऑफिसात रत्नागिरी-सिंधुदुर्गाची माणसं आहेत, तिथे गणपतीची रजा 'आठवडाभर आधी अर्ज करा' या नियमात बसत नाही. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. १४ सप्टेंबरच्या चतुर्थीसाठी १२ तारखेची गाडी धरायची तर तिकिटाची खिडकी जुलैच्या मध्यावर उघडते, आणि कोकण रेल्वेच्या गणपतीतल्या गाड्या काही मिनिटांत भरतात. म्हणजे रजा मंजूर की नाही हे चाकरमान्याला जुलैच्या पहिल्या आठवड्यात कळायला हवं. सप्टेंबरमध्ये मंजूर केलेली रजा त्याच्या काही उपयोगाची नाही, कारण तोवर तिकीट गेलेलं असतं. गोव्यात शाखा असेल तर चवथीच्या आठवड्यात ऑडिट, लाँच, प्रशिक्षण असलं काहीच ठेवू नका. तिथे घरोघरी माटोळी (गणपतीवरचं फळापानांचं छत) बांधायची असते आणि गावाकडचं मोठं घर भरलेलं असतं.

गौरींचे दिवस वेगळे धरा. आवाहन, पूजन आणि विसर्जन असे तीन दिवस, आणि त्यातल्या पूजनाच्या दिवशी घरच्या बाईचा दिवस पहाटे सुरू होतो. तक्त्यात नुसतं 'गणपती' लिहिलेलं असतं, म्हणून गौरींसाठी मागितलेली रजा 'आत्ताच तर गणपतीला घेतली होती' या शेऱ्यासह परत येते. गौरी स्वतंत्र ओळीत लिहा. हेच पितृपक्षाचं. ज्याच्या घरी ज्या तिथीला श्राद्ध, त्या दिवशी त्याला दुपारपर्यंत मोकळीक लागते. अर्धा दिवस पुरतो, पण नेमका तोच दिवस लागतो.

ज्यांच्या घरी गणपती नाही त्यांच्यावर विसर्जनाच्या दिवसाची ड्युटी आपसूक टाकू नका. 'तुझ्याकडे गणपती नसतो ना, मग तू थांब' हे वाक्य कितीही सहज म्हटलेलं असलं तरी ऐकणाऱ्याला दरवर्षी लागतं. आधी विचारा. थांबायला तयार असलेल्याला त्याच्या सणाच्या वेळी पहिला हक्क द्या, आणि हे तोंडी न ठेवता शिफ्टच्या वहीत लिहून ठेवा. विसर्जनाला मुंबई-पुण्यातले रस्ते बंद असतात. त्या दिवशी जो ड्युटीवर आहे त्याच्या घरी परतण्याची सोय ऑफिसची.

विचारा, पण धर्माचा रकाना ठेवू नका

जूनच्या शेवटी एक छोटा फॉर्म फिरवा. त्यात एवढंच विचारा: ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तुम्हाला कोणत्या दिवशी रजा किंवा कमी तास हवेत? खाण्यापिण्यात या काळात काही बदल असतो का? एखाद्या कार्यक्रमात तुमचं नाव किंवा फोटो नको असेल तर तसं सांगा. धर्म, जात, आजार यातलं काहीही विचारू नका. कुणाला रजा का हवी, हे जाणून घेण्याचा ऑफिसला अधिकार नाही आणि गरजही नाही.

हा फॉर्म संगणकावरच ठेवला तर ऑफिसातली अर्धी माणसं सुटतात. सफाईच्या मावशी, सुरक्षारक्षक, कँटीनची मुलं, ड्रायव्हर यांना कंपनीचा मेल नसतो. त्यांच्याशी समोर बसून मराठीत किंवा हिंदीत बोला आणि तुम्हीच लिहून घ्या. ही माणसं ठेकेदाराकडची असतात, त्यामुळे त्यांची रजा ठेकेदाराशी बोलल्याशिवाय सुटत नाही. तो फोन तुम्ही करायचा.

आणखी एक. ऑफिसात एकच मुस्लिम, एकच ख्रिस्ती, एकच बौद्ध सहकारी असेल तर त्याला 'तुमच्या सणाबद्दल दोन शब्द सांगा' म्हणून उभं करू नका. त्याची स्वतःची इच्छा असेल तर तो सांगेलच. समजावून देण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणं म्हणजे पाहुण्यालाच स्वयंपाकाला लावणं.

कँटीन

जैनांचं पर्युषण चतुर्थीच्या आसपास येतं. श्वेतांबरांचे आठ दिवस, त्यानंतर दिगंबरांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व, जे अनंत चतुर्दशीपर्यंत चालतं. या काळात कांदा-बटाट्यासारखी कंदमुळं आणि बरेच जण हिरव्या भाज्याही टाळतात, उकळून गार केलेलं पाणी पितात आणि सूर्यास्तानंतर काही खात नाहीत. म्हणून टीमचं रात्री आठचं जेवण या आठवड्यात ठेवू नका, दुपारी ठेवा. संवत्सरीला, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, 'मिच्छामि दुक्कडम' असा निरोप आला तर तो वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागणारा निरोप असतो. त्याला 'हॅपी' लावून उत्तर देऊ नका, तसंच 'मिच्छामि दुक्कडम' म्हणा.

नवरात्रात कुणी नऊ दिवस उपास करतं, कुणी उठता-बसता. कँटीनला आधीच सांगून भगर आणि दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, ताक असं ठेवता येतं. उपासाचं शिजवायची भांडी आणि डाव वेगळे हवेत, नाहीतर उपासवाला ते घेणारच नाही. भगरीचं सुटं पीठ आणू नका. जुन्या, बुरशी धरलेल्या भगरीने विषबाधा झाल्याच्या बातम्या उपासाच्या दिवसांत येतच असतात. पाकीटबंद, ताज्या तारखेचं घ्या आणि शिजवलेलं त्याच जेवणात संपवा.

ऑफिसातला गणपती

बसवायचा की नाही, हे वरिष्ठांनी हुकूम सोडून ठरवू नये. बसवायचा ठरलं तर दीड दिवस पुरतात. शनिवार-रविवारी बंद असलेल्या ऑफिसात दहा दिवस मूर्ती ठेवून पूजा-नैवेद्य कोण करणार, याचं उत्तर आधी हवं. मूर्ती शाडूची आणि लहान घ्या, म्हणजे आवारातच बादलीत किंवा पिंपात विसर्जन होतं आणि ती माती झाडांना घालता येते.

वर्गणी हा नाजूक विषय. पगारातून परस्पर कापू नका, नावापुढे रकमेची यादी फिरवू नका. बंद पेटी ठेवा आणि ज्याला जे टाकायचं ते टाकू द्या. खर्चाचा मोठा वाटा कंपनीने उचलला तर उत्तम. आरतीची वेळ ठरवून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, आणि ती ग्राहकांचे फोन घेणाऱ्यांच्या शिफ्टशी जुळवून लावा. आरतीला कोण आलं, कोण नाही याची नोंद मनातसुद्धा ठेवू नका. प्रसाद समोर ठेवा, हातात कोंबू नका. शेंगदाणे, काजू न चालणारी माणसं असतात, म्हणून प्रसादात काय आहे याची चिठ्ठी शेजारी लावा.

आरती कुणी करायची यावरून ऑफिसात घरचे रिवाज शिरतात. पाळी आलेली, विधवा, अविवाहित, वेगळ्या जातीचा. यातला एकही निकष कामाच्या ठिकाणी चालता कामा नये. ज्याला आरती करायची इच्छा आहे त्याने करावी, नावांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. याच कारणाने ऑफिसच्या पैशातून हळदीकुंकू करू नये, असं मला वाटतं. तो समारंभच बायकांना सवाष्ण आणि इतर अशा दोन रांगांत उभं करतो.

कापूर, उदबत्ती आणि धुराचे सेन्सर यांचं जमत नाही. इमारतीच्या फायर पॅनेलवर बसणाऱ्याला आदल्या दिवशी लेखी कळवा, तेवढ्या भागाचा सेन्सर तेवढ्याच वेळेपुरता बंद करून घ्या आणि आरती संपल्यावर तो परत सुरू झाला हे स्वतः जाऊन पाहा. हे पाहायचं राहून जातं, आणि मग दहा दिवस त्या मजल्यावर सेन्सरच नसतो.

खंडेनवमी: कारखान्यात आणि लॅपटॉपवर

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची यंत्रपूजा मला या सगळ्यातला सर्वांत आपला कामाचा सण वाटतो. ज्या हातांनी वर्षभर यंत्र चालवलं ते हात त्या दिवशी ते धुऊनपुसून काढतात. तो नीट व्हावा म्हणून थोडी शिस्त लागते. यंत्र बंद करून मेन स्विचला कुलूप घाला, किल्ली त्या यंत्राच्या ऑपरेटरकडेच राहू द्या. मग सफाई, तेलपाणी, सैल झालेल्या बोल्टांची आवळाआवळ. हळदकुंकू लावायचं ते बॉडीवर, मोजपट्टीच्या काचेवर, सेन्सरवर किंवा बेअरिंगजवळ नाही. झेंडूची माळ फिरणाऱ्या भागापासून लांब बांधा आणि यंत्र पुन्हा सुरू करण्याआधी काढा. नारळ इलेक्ट्रिक पॅनेलसमोर फोडू नका. कोहळा फोडला तर गर लगेच उचलून फरशी कोरडी करा. ऑफिसात लॅपटॉपचं झाकण बंद करून वर फूल ठेवलं की पूजा झाली. कीबोर्डात गेलेल्या अक्षता काढणं आयटीवाल्यांना फार जड जातं.

नवरात्रात काही जण नऊ दिवस अनवाणी राहतात. सेफ्टी शूज सक्तीचे असलेल्या शॉप फ्लोअरवर हे चालत नाही, आणि तिथे सवलत देऊही नये. पण पहिल्या दिवशी गेटवर अडवून हुज्जत घालण्याऐवजी घटस्थापनेच्या आधीच त्या माणसाशी बोला. नऊ दिवस स्टोअरच्या नोंदी, कागदपत्रं असं टेबलावरचं काम देता येतं. बहुतेक जण आनंदाने तयार होतात.

नवरंगांबद्दल थोडक्यात. रोजच्या रंगाचे कपडे घालणं ही हौस आहे, ती हौसच राहू द्या. हजेरीसारखी फोटोंची मोजणी नको, 'तू का नाही घातलास' नको. सफाईच्या मावशींना नऊ दिवस गणवेशाऐवजी साडी नेसायची मुभा देता आली तर जरूर द्या. फोटोच्या वेळी त्यांना बोलवा, फोटो काढायला उभं करू नका.

धम्मचक्र प्रवर्तन दिन

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दीक्षाभूमीवर विजयादशमीला मोठा मेळावा असतो, काही जण १४ ऑक्टोबर ही तारीखही पाळतात. पुण्या-मुंबईहून नागपूर म्हणजे रात्रभराचा प्रवास, म्हणून ज्याला जायचं आहे त्याला दसऱ्याच्या एका दिवसाच्या सुट्टीत ते बसत नाही. अलीकडचा-पलीकडचा दिवस जोडून रजा द्या, आणि गणपतीच्या रजेइतक्याच सहज द्या. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त दुजाभाव इथेच होतो.

बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये गौरी-गणपतीची उपासना करणार नाही, ही प्रतिज्ञा स्पष्ट शब्दांत आहे. तेव्हा आरतीला किंवा यंत्रपूजेला न येणारा सहकारी रुसलेला नसतो, तो आपला शब्द पाळत असतो. त्याला कुणी आग्रह करू नये, हे टीमच्या प्रमुखाने आधीच सगळ्यांना सांगून ठेवावं.

शुभेच्छांचा मेल दसऱ्याच्या मेलमध्ये एक ओळ घुसडून पाठवू नका. स्वतंत्र पाठवा, आपट्याच्या पानांचं चित्र त्यावर लावू नका. मजकूर लहान असला तरी चालतो. उदाहरणार्थ:

'आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली. दीक्षाभूमीवर गेलेल्या आणि घरी हा दिवस पाळणाऱ्या सर्व सहकाऱ्यांना मंगल कामना. प्रवासात असलेल्यांना उद्या दुपारपर्यंत फोन करू नयेत. नमो बुद्धाय, जय भीम.'

फोन न करण्याची ओळ मुद्दाम घातली आहे. अशी एक तरी कामाची ओळ प्रत्येक शुभेच्छापत्रात असावी.

ज्यांची कुणाला आठवण होत नाही असे दोन दिवस

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. म्हणून १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. पुण्याच्या ऑफिसांत लातूर, नांदेड, बीड, परभणीची माणसं भरपूर आहेत, पण तिथे या दिवसाचं नावही निघत नाही. रझाकारांच्या काळातल्या आठवणी त्यांच्या घरांत अजून सांगितल्या जातात. दुपारच्या चहाला अर्धा तास काढून ज्यांना सांगायच्या आहेत त्यांना सांगू द्या. खर्च काहीच नाही.

१५ सप्टेंबर हा सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस. त्यांचं शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झालं आणि त्यांनी तयार केलेली धरणाची स्वयंचलित दारं पहिल्यांदा खडकवासल्याला बसली. अभियंता दिनाला केक कापताना लिफ्ट, जनरेटर आणि पंप सांभाळणाऱ्या डिप्लोमावाल्यांनाही बोलवा. इमारत तेच चालवतात.

जागृतीचे दिवस: एक निवडा, नीट करा

सणांना लोकांचा स्वतःचा उत्साह असतो. जागृतीच्या दिवसांना तो नसतो, म्हणून त्यांचं पोस्टर होऊन राहतं. या दोन महिन्यांतले सगळे दिवस पाळू नका. दोन किंवा तीन निवडा आणि प्रत्येकाच्या निमित्ताने ऑफिसात कायमची एक गोष्ट बदला.

१० सप्टेंबरचा आत्महत्या प्रतिबंध दिन आणि १० ऑक्टोबरचा मानसिक आरोग्य दिन हे जोडून घ्या. भाषणापेक्षा टीमच्या प्रमुखांसाठी दोन तासांचं प्रशिक्षण ठेवा, तेही मानसोपचार क्षेत्रातल्या प्रशिक्षित माणसाकडून. एखादा सहकारी खचलेला दिसला तर त्याला सरळ विचारावं. जीव द्यावासा वाटतो का, असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार घुसत नाही, उलट बोलायची वाट मोकळी होते. कार्यक्रमात आत्महत्येच्या पद्धतीचं वर्णन करू नये, 'अमुक कारणाने गेला' असं एका कारणावर बोट ठेवू नये आणि कुणाला आपली कहाणी सांगायला भाग पाडू नये. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. तो लिफ्टमध्ये, स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला आणि ओळखपत्राच्या मागे छापा. चारचौघांत उभं राहून तो क्रमांक कुणी टिपून घेत नाही. आणि त्याच महिन्यात रात्री दहानंतरच्या कामाच्या संदेशांचं काय करायचं, तेही ठरवा. नाहीतर हा सगळा खटाटोप पोकळ आहे.

स्तनकर्करोग हा भारतातल्या स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. यंत्राशिवाय, नुसत्या शिकलेल्या हातांनी. म्हणून गुलाबी टी-शर्टांचे पैसे वाचवा आणि एक दिवस प्रशिक्षित महिला डॉक्टर किंवा परिचारिका बोलवा. खोलीला आतून कडी हवी, पडदा हवा, बाहेर रांग नको, वेळा वाटून द्या. निकाल त्या बाईच्याच हातात, एचआरकडे नाही. पुढची तपासणी लागली तर त्यासाठी भरपगारी अर्धा दिवस. मावशींनाही त्याच खोलीत, त्याच रांगेत.

१ ऑक्टोबरला रक्तदान शिबिर ठेवायचं तर परवाना असलेल्या रक्तपेढीशीच बोला. दात्याचं वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, आणि दोन दानांत पुरुषांना ९० तर स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर लागतं. उपाशीपोटी रक्त देऊ नये, त्यामुळे त्या वर्षी १ ऑक्टोबर नवरात्रात येत असेल तर शिबिर घटस्थापनेच्या आधी घ्या. 'आमच्या विभागाने किती बाटल्या दिल्या' अशी स्पर्धा लावू नका. ज्याला देता येत नाही त्याला कारण उघड करावं लागतं.

२३ सप्टेंबरला, सांकेतिक भाषा दिनाला, आणखी एक काम निघतं. तुमच्या आगीच्या घंटेला लुकलुकणारा दिवा आहे का, विशेषतः स्वच्छतागृहात, तेवढं पाहून घ्या. कर्णबधिर सहकारी आज नसेल, उद्या येईल.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात

सगळं आटोपल्यावर दिवाळीची गडबड सुरू व्हायच्या आत एक कागद लिहा. कोणाची रजा मागितली आणि मिळाली नाही, त्याचं कारण काय. कँटीनमध्ये काय उरलं आणि काय कमी पडलं. कोणत्या कार्यक्रमाला फक्त वरिष्ठ होते. कोणत्या मेलला उत्तरात कुणी दुरुस्ती सुचवली. ठेकेदाराकडच्या किती जणांना हवी ती रजा मिळाली. फोटो जोडू नका, ते कुठेतरी असतातच.

हा कागद घेऊन नोव्हेंबरमध्येच सुट्ट्यांच्या यादीची बैठक बोलवा, कारण चार सुट्ट्या वर्ष सुरू होण्याआधी ठरायच्या असतात. बैठकीला कामगारांचे प्रतिनिधी, कँटीन चालवणारा, शिफ्ट लावणारा आणि सफाईच्या ठेकेदाराचा माणूस असा सगळ्यांना बोलवा. पुढच्या वर्षीच्या तिथींचा तक्ता त्या दिवशी सर्वांच्या हातात असू द्या आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यावर गणपतीच्या रजेची खूण तिथेच करून ठेवा.